परमुलखातील कंपनी आणि आपली सही

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपण मला येथे बोलावून जो मान दिलात त्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच नाही. आयटीआयचा दाखला खिशात घालून १९८३ साली मी दुबईला गेलो. अकरा वर्षे दुसऱ्याची वातानुकूलन यंत्रे दुरुस्त केली आणि १९९४ साली त्याच कामाची स्वतःची छोटी कंपनी काढली. त्या कंपनीने मला पुष्कळ दिले आणि एकदा असे काही हिरावून घेतले की ते पुन्हा मिळणे नाही. आज जे सांगणार आहे ते मी पुस्तकात कमी आणि ठेचा खाऊन जास्त शिकलेलो आहे.

आपल्या कोकणातल्या मुसलमानांना समुद्रापलीकडची नवलाई नाही. माझे मरहूम वडील जहाजावर खलाशी होते. त्यांच्या उमेदीच्या काळात, म्हणजे १९६६ सालापर्यंत, दुबईच्या बाजारात रुपयाच चालत असे. पुढे २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्माला आले, १९७३ साली त्याचा दिरहम आला, आणि आपल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून तरुण मुले तिकडे जाऊ लागली. त्या काळी गावी आलो की आईबाप विचारीत, "आमच्या पोराला व्हिसा पाठवशील का?" आता प्रश्न बदलला आहे. आता विचारतात, "भाई, पोराला नोकरी नको, त्याला तिकडे कंपनी काढून द्या." प्रश्न बदलला ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि हा प्रश्न विचारताना कोणी घर गहाण टाकण्याच्या तयारीत असतो, कोणी सुनेचे दागिने मोडलेले असतात. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

प्रथम आपण हे समजून घेऊ की मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणजे काय. माझे वडील सांगत, मोठ्या जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तर ते तिथेच अडते, सगळे जहाज बुडत नाही. मर्यादित कंपनी ही तशीच भिंत आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक वेगळी व्यक्ती आहे. तिचे नाव वेगळे, पैसा वेगळा आणि कर्जही वेगळे. समजा, तुम्ही एक लाख दिरहम भांडवल घातले आणि धंदा बुडून कंपनीवर पाच लाखांचे देणे झाले. देणेकरी कंपनीची गाडी घेतील, अवजारे घेतील, बँकेत शिल्लक असेल ती घेतील. तुमचे गावातले घर आणि आंब्याची कलमे मात्र त्यांना घेता येणार नाहीत. तुमचे नुकसान घातलेल्या भांडवलापुरते मर्यादित राहते, म्हणून तिला मर्यादित म्हणायचे. याउलट एकट्याच्या नावावरच्या धंद्यात अशी भिंत नसते. तेथे दुकानाचे कर्ज तेच मालकाचे कर्ज.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८५५ साली तिचा कायदा झाला. पुढे १८९७ साली सालोमन नावाच्या एका बूट बनविणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च पीठाने असा निकाल दिला की, कंपनीचे जवळजवळ सगळे भाग एकाच माणसाचे असले तरीही कंपनी वेगळी आणि तो माणूस वेगळा. आपल्या देशातला कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे. अमिरातीत अशा कंपन्यांचा देशव्यापी कायदा १९८४ साली झाला.

त्या १९८४ च्या कायद्यात एक मोठी अट होती. शंभरातले किमान एक्कावन्न हिस्से तेथील नागरिकाच्या नावावर असले पाहिजेत. मेहनत आपली, भांडवल आपले, पण कागदावर आपण एकोणपन्नासचेच धनी. १९९४ साली मी कंपनी काढली ती अशीच. माझे अरब भागीदार सज्जन गृहस्थ होते. ठरलेली वार्षिक रक्कम घेत आणि कधी हिशेब विचारीत नसत. परंतु आमचा करारनामा अरबी भाषेत होता आणि मला अरबी वाचता येत नव्हते. जेथे बोट दाखविले तेथे मी सही केली. त्यांच्या मनात पाप असते तर मी एका दिवसात रस्त्यावर आलो असतो. माणूस चांगला मिळाला हे माझे नशीब. पण नशिबाच्या भरवशावर धंदा करावयाचा नसतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी समजत होतो की कंपनी मर्यादित आहे, तेव्हा मी सुरक्षित आहे. २००८ साल अखेरीस जगभर मंदी आली आणि दुबईतली बांधकामे थांबली. एका मोठ्या इमारतीत आम्ही वाऱ्याच्या वाहिन्या बसविल्या होत्या. मुख्य ठेकेदाराचे पैसे आले नाहीत. आम्ही मात्र माल उधारीवर उचललेला होता आणि तेथील रीतीप्रमाणे मालवाल्याला पुढल्या तारखांचे धनादेश देऊन ठेवलेले होते. चेक कंपनीचे होते, पण सही माझी होती. ते वटले नाहीत. त्या काळी तेथे चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा होता आणि तो सही करणाऱ्यावर लागत असे. कंपनी मर्यादित असो वा नसो, तुरुंगात कंपनी जात नाही, माणूस जातो. माझी पोलिसांत तक्रार झाली. माझा पासपोर्ट जमा करून मला बाहेर ठेवण्यात आले आणि देश सोडण्यास मनाई झाली.

२००९ च्या पावसाळ्यात गावाहून फोन आला की अम्मा फार आजारी आहे. पंधरा दिवसांनी दुसरा फोन आला. तिला कबरीत ठेवताना तिचा थोरला मुलगा हजर नव्हता. पुढे पैसे आले, तडजोड झाली आणि कंपनी पुन्हा उभी राहिली. पण त्या दिवसाची भरपाई कोणता ठेकेदार करणार? यात मी कोणालाही दोष देत नाही. मालवाल्याने आपले पैसे मागितले, त्यात त्याची चूक नव्हती. जो कागद मी शंभर वेळा सही करून दिला, त्याचा अर्थ एकदाही कोणाला विचारला नाही, ही चूक माझी होती.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून लिहून घ्या. त्या जहाजाच्या भिंतीला भोके असतात आणि ती बहुधा आपणच आपल्या सहीने पाडतो. पहिले भोक, वैयक्तिक हमी. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक मालकाकडून स्वतःची हमी लिहून घेते. ती दिली की तेवढ्या कर्जापुरती भिंत पडली असे समजा. दुसरे भोक, धनादेश. २ जानेवारी २०२२ पासून तेथे नवा नियम लागू आहे. केवळ खात्यात पैसे अपुरे म्हणून चेक परत आला तर आता सहसा फौजदारी होत नाही. पण न वटलेला चेक घेऊन देणेकरी सरळ वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकतो, आणि लबाडीने खाते बंद करणे किंवा बँकेला पैसे देऊ नका म्हणून सांगणे हा गुन्हा अजूनही आहे. तिसरे भोक, पैशांची सरमिसळ. कंपनीच्या खात्यातून घराची फरशी घालायची आणि घरच्या पैशाने कामगारांचा पगार द्यायचा, असे चालले तर उद्या न्यायालयात कोणत्या तोंडाने सांगणार की कंपनी वेगळी आणि मी वेगळा? चौथे भोक, व्यवस्थापकाचा गैरकारभार. मालक म्हणून तुमची जबाबदारी मर्यादित असेल, पण व्यवस्थापक म्हणून फसवणूक किंवा गंभीर चूक केलीत तर त्याला मर्यादा नाही. आपल्यातले बहुतेक जण मालकही असतात आणि व्यवस्थापकही.

आता आजची स्थिती सांगतो, कारण जुन्या माहितीवर पुष्कळ लोक फसतात. एक्कावन्न टक्क्यांची अट आता सर्वसाधारण व्यापारउद्योगांना राहिलेली नाही. २०२० साली कायद्यात दुरुस्ती झाली, १ जून २०२१ पासून ती अमलात आली, आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कंपनी कायद्यात ती कायम राहिली. संरक्षणासारखे काही मोक्याचे व्यवसाय त्यातून वगळलेले आहेत. बाकीच्या धंद्यांत परदेशी माणूस पुरे शंभर हिस्से स्वतःच्या नावावर ठेवू शकतो आणि एकट्याचीही मर्यादित कंपनी काढता येते. किमान भांडवलाची सरसकट अट तर २००९ सालीच निघाली. तेव्हा उद्या एखादा दलाल तुमच्याकडे येऊन म्हणाला की स्थानिक भागीदारासाठी एवढी रक्कम द्या, तर त्याला शांतपणे विचारा, "या व्यवसायाला भागीदार लागतो हे कोणत्या नियमात आहे? लेखी दाखवा."

दुसरी निवड मुक्त क्षेत्राची. जेबेल अलीचे मुक्त क्षेत्र १९८५ साली सुरू झाले आणि त्यानंतर अमिरातीत अशी अनेक क्षेत्रे निघाली. तेथे परदेशी माणसाला पहिल्यापासूनच पूर्ण मालकी मिळत आली आहे. ज्याला आयातनिर्यात करावयाची आहे त्याला हे सोयीचे. परंतु ज्याला माझ्यासारखे शहरात घरोघरी जाऊन यंत्रे दुरुस्त करावयाची आहेत, त्याला मुक्त क्षेत्राचा परवाना सहसा पुरत नाही. मुख्य भूमीवर काम करण्यास वेगळी परवानगी लागते. स्वस्त मिळाला म्हणून मुक्त क्षेत्राचा परवाना घेतला आणि मग शहरात काम करता येईना, असे हताश झालेले तरुण मी पाहिले आहेत. म्हणून आधी काम ठरवा आणि मग त्या कामाला कोणता परवाना लागतो ते पाहा.

मुख्य भूमीवर कंपनी काढण्याचा क्रम साधारण असा असतो. प्रथम व्यवसायाचा प्रकार निवडावयाचा. सरकारी यादीत जो प्रकार लिहिलेला असेल तेवढेच काम करता येते. मग नाव राखून ठेवावयाचे. नावात अल्लाहचे नाव किंवा सभ्यतेला बाधक शब्द चालत नाही. मग अर्थखात्याची प्राथमिक मंजुरी. मग कंपनीचा करारनामा, त्यात हिस्से किती, व्यवस्थापक कोण, त्याचे अधिकार काय, नफातोटा कसा वाटावयाचा हे सर्व येते. मग जागेचा नोंदणीकृत भाडेकरार. त्यानंतर फी भरून व्यापार परवाना हाती येतो. पुढे कंपनीचे परदेशी नागरिक खात्यातले कार्ड, कामगार खात्यातली नोंद, स्वतःचा व कामगारांचा व्हिसा, आणि शेवटी बँकेतले खाते. हे शेवटचे काम सर्वांत सोपे वाटते आणि पुष्कळदा तेच सर्वांत अवघड ठरते. पैसा कोठून आला, खरा मालक कोण, गिऱ्हाईक कोण, हे सारे बँक विचारते आणि समाधान झाले नाही तर नाही म्हणते. नुसता परवाना भिंतीवर लावून धंदा होत नाही.

पालकहो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवाना दर वर्षी नव्याने करून घ्यावा लागतो. जागेचे भाडे, व्हिसाचा खर्च, नूतनीकरणाची फी हे सर्व कमाई होवो वा न होवो, चालूच राहते. दलाल पहिल्या वर्षाचा आकडा सांगतो. तुम्ही त्याला दुसऱ्या वर्षाचा विचारा, आणि कंपनी बंद करावयाची झाल्यास किती लागेल तेही विचारा. कारण कंपनी नुसती सोडून गावी येता येत नाही. ती रीतसर बंद करावी लागते, नाहीतर दंड वाढत राहतो.

दुबईत कर नाही ही समजूतही आता सोडून द्या. १ जानेवारी २०१८ पासून तेथे पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची आहे. १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षापासून कंपन्यांच्या नफ्यावरही कर आला. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य आणि त्यावरील नफ्यावर नऊ टक्के. कर शून्य असला तरी नोंदणी चुकत नाही आणि हिशेब ठेवणेही चुकत नाही.

इकडच्या बाजूचेही दोन शब्द. भारतात राहणारा बाप किंवा भाऊ परदेशातील कंपनीत पैसे घालणार असेल तर त्याला आपल्या परकीय चलन कायद्याचे नियम लागू होतात. परदेशातील गुंतवणुकीचे नवे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले आहेत. पैसा बँकेतूनच जाऊ द्या. हुंडीने पाठविलेला पैसा पोचतो लवकर, पण उद्या तो कोठून आला हे सिद्ध करावयाचे झाले तर हातात कागद नसतो. निघण्यापूर्वी एका चांगल्या सनदी लेखापालाला फी देऊन विचारा. दलालाला आपण हजारो रुपये देतो आणि जाणकाराला फी द्यावयाची म्हटली की आपला हात आखडतो, हे बरे नव्हे.

आता घरातली गोष्ट. आपल्यात साडू, मेहुणा, चुलतभाऊ असे मिळून धंदा करतात. हिस्सा किती विचारले तर म्हणतात, "घरचीच माणसे आहेत, लिहायचे काय?" बंधूंनो, सूरह बकरातील २८२ वी आयत ही कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. आपण ती पठण करतो आणि व्यवहार मात्र तोंडी करतो. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. लिहिल्याने विश्वास टिकतो. मी दोन सख्ख्या भावांना एका कंपनीपायी ईदलाही न भेटणारे झालेले पाहिले आहे. दोघेही प्रामाणिक होते. फक्त दोघांच्या आठवणी वेगळ्या होत्या.

आणि मृत्यूचे काय? मालक तिकडे वारला की खाते गोठते आणि वारसांची नावे न्यायालयातून ठरेपर्यंत पैसा हलत नाही. मुसलमानाच्या बाबतीत वाटणी शरीयतप्रमाणे होते. अशा वेळी गावातल्या विधवेला कंपनीचे नाव नीट ठाऊक नसते. परवाना कोणाच्या नावावर, भागीदार कोण, बँक कोणती, येणे किती नि देणे किती, काहीच माहीत नसते. मग जो येईल तो सांगेल ते खरे. म्हणून माझी विनंती आहे, घरात एक वही ठेवा. तिच्यात हे सर्व लिहा, दर वर्षी सुट्टीवर याल तेव्हा दुरुस्त करा, आणि ती वही बायकोला व मोठ्या मुलीला समजावून द्या. त्यांना काय कळते असे म्हणू नका. घराचा संसार तुटपुंज्या पैशात ज्यांनी चालविला त्यांना जमाखर्च आपल्यापेक्षा बरा कळतो.

मुलांनो, आता तुमच्यासाठी शेवटचे. मला कोणी विचारले की कंपनी कधी काढावी, तर मी म्हणेन, त्या गावी त्याच धंद्यात दोनतीन वर्षे नोकरी केल्यावर. गिऱ्हाईक ओळखीचे व्हावे, मालवाला ओळखीचा व्हावा, पैसे किती उशिरा येतात हे कळावे. कमाई नसतानाही एक वर्ष निघेल एवढी शिल्लक हाताशी असावी. हात तर आपल्या मुलांचे चांगलेच आहेत. आयटीआयमधून निघालेला आपला मुलगा जगात कोठेही यंत्र उघडून बसू शकतो. कमी पडते ते कागद वाचणे. म्हणून कोणतीही शाखा घ्या, पण तीन गोष्टी शिका. एक, हिशेब लिहिणे. दोन, करारनामा शब्दन्शब्द वाचणे. तीन, अरबी. आपण मदरशात अरबी अक्षरे ओळखायला शिकतो, म्हणजे निम्मा रस्ता चाललेलोच आहोत. तीच अक्षरे अर्थासह वाचावयास शिकलो तर परमुलखात कोणाच्या बोटाकडे पाहून सही करण्याची पाळी येणार नाही. आणि हे मुलींनाही लागू आहे. ज्या घरात एक मुलगी लेखापाल किंवा वकील झाली, त्या घराच्या कंपनीची भिंत कोणी सहजी पाडू शकणार नाही.

अध्यक्ष महाशय, संस्थेकडे माझे एक मागणे आहे. शाळेची एक खोली रविवारी मिळाली तर मी आता कायमचा गावी आलेलो आहे. मी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना खरे करारनामे, खरे परवाने, खरे धनादेश दाखवून वाचावयास शिकवीन. त्यात माझे जुने कागदही असतील, न वटलेले चेकसुद्धा. ज्यांची मुले पुढल्या महिन्यात निघणार आहेत त्यांनी अवश्य यावे. कोणी आपल्या मुलाचा करार घेऊन आला तर आपण मिळून वाचू. काही समजले नाही तर सरळ नाही समजले म्हणू आणि जाणकाराला विचारू.

अम्माच्या कबरीवर मी तीन वर्षांनी फातेहा पढलो. इन्शाअल्लाह, आपल्या या मोहल्ल्यातल्या दुसऱ्या कोणा मुलावर तशी वेळ न येवो, एवढीच दुआ करून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.